ऐंशी दरवाजांची भिंत

इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थम्बरलंडच्या माळरानावर हाउसस्टेड्स नावाचा एक पडका रोमन किल्ला आहे. तिथून भिंतीच्या कडेकडेने पश्चिमेला थोडेसे चालले की एक छोटी गढी लागते. गढी म्हणजे चार भिंतींचे चौकोनी आवार, आत पंचवीस-तीस शिपाई राहतील एवढी जागा. तिच्या उत्तरेच्या भिंतीत एक दरवाजा आहे, भक्कम घडीव दगडांचा. त्याच्या कमानीचे खालचे काही दगड अजून जागेवर आहेत. या दरवाजातून बाहेर डोकावले की मात्र पाऊल आपोआप मागे येते, कारण उंबऱ्यापलीकडे लगेच उतरणीला लागलेला कडा आहे. बैलगाडी सोडाच, लादलेले खेचरही तिथून उतरवायला कोणी धजणार नाही. मग एवढा मोठा दरवाजा इथे कशाला?

हेड्रियनच्या भिंतीबद्दल विचारण्यासारखा सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे. भिंत किती लांब, किती उंच, किती रुंद हे सगळे सांगतात. ११८ किलोमीटर लांब, मूळची बहुधा साडेचार मीटर उंच. पण ही भिंत समजून घ्यायची तर तिच्या दरवाजांकडे पाहावे लागते. रोमन सैन्याच्या आराखड्यात दर रोमन मैलाला, म्हणजे सुमारे दीड किलोमीटरला, एक गढी होती आणि प्रत्येक गढीच्या उत्तरेला एक, दक्षिणेला एक असा दरवाजा होता. दोन गढ्यांच्या मध्ये दोन बुरूज. पूर्वेला टाइन नदीकाठच्या वॉल्सएंडपासून पश्चिमेला सॉलवेच्या खाडीपर्यंत ऐंशी रोमन मैल, म्हणून ऐंशीच्या आसपास गढ्या. पुढे कडा आहे की सपाटी, हे आराखड्याने विचारले नाही. मैल भरला की दरवाजा, हा नियम. कड्यावरचा तो दरवाजा पुढे कधीतरी रोमनांनी स्वतःच बुजवत आणला आणि माणूस जाईल एवढीच फट ठेवली. नियम पाळणारे आणि त्या नियमासोबत रोज जगणारे यांच्यातले अंतर त्या बुजवलेल्या दगडांत आजही दिसते.

हुकूम सम्राट हेड्रियनचा. तो इ.स. ११७ मध्ये गादीवर आला तेव्हा साम्राज्य फुगून तट्ट झाले होते. आधीच्या ट्रेजनने युफ्रेटिसपलीकडचे मुलूख जिंकून घेतले होते. हेड्रियनने त्यातले बरेच सोडून दिले. आहे ते नीट राखायचे, असे त्याचे धोरण होते, आणि त्यासाठी तो स्वतः प्रांताप्रांतांतून फिरला. इ.स. १२२ मध्ये तो ब्रिटनमध्ये आला आणि त्याच सुमारास काम सुरू झाले. हाउसस्टेड्सच्या पश्चिमेच्या एका गढीवर सापडलेल्या शिलालेखात हेड्रियनचे, ब्रिटनचा सुभेदार ऑलस प्लॅटोरियस नेपॉसचे आणि काम करणाऱ्या दुसऱ्या ऑगस्टा लीजनचे, म्हणजे रोमन सैन्याच्या एका मोठ्या दलाचे, अशी तिन्ही नावे आहेत. बाकीच्या भागांत विसाव्या आणि सहाव्या लीजनने हात लावला. गुलाम किंवा वेठबिगार नव्हे, पगारी सैनिकांनी ही भिंत बांधली. लीजनमध्ये गवंडी, सुतार, मोजणीदार, पाथरवट सगळे असत. प्रत्येक तुकडीला ठरावीक लांबी वाटून दिलेली असे आणि आपला तुकडा पुरा झाला की ती भिंतीत आपल्या नायकाच्या नावाचा दगड बसवी. असे कितीतरी दगड सापडले आहेत. अक्षरे ओबडधोबड, पण काम कोणाचे ते स्पष्ट.

पूर्वेकडचा भाग दगडाचा आणि पश्चिमेचे सुमारे तीस मैल चक्क मातीचे. मुळांसकट कापलेल्या गवताळ मातीच्या ढेपा एकावर एक रचून तो भाग उभा केला, तळाशी सहा मीटर रुंद. तो नंतर टप्प्याटप्प्याने दगडाचा केला गेला. भिंतीच्या उत्तरेला खोल खंदक. जिथे कड्यानेच खंदकाचे काम केले तिथे तो खणलेला नाही. या प्रदेशाच्या मधोमध काळ्या कठीण खडकाचा एक उंच पट्टा आडवा पसरला आहे, त्याला व्हिन सिल म्हणतात. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली घुसून थिजलेला हा शिलारस. सह्याद्रीचा बेसॉल्ट लाव्हा जमिनीवर वाहून थिजला, तर हा आतच राहिला, म्हणून याला डोलेराइट म्हणायचे. पण जात एकच, आणि सह्याद्रीच्या पाषाणाशी झुंजलेल्या कोणत्याही पाथरवटाला तो लगेच ओळखू येईल. भिंतीच्या सर्वांत उत्तरेच्या टोकाला लाइमस्टोन कॉर्नर नावाची जागा आहे. नाव चुनखडीचे, खडक मात्र हाच काळा. तिथे रोमन सैनिकांनी खंदक खणायला घेतला आणि मध्येच सोडला. एक भलामोठा धोंडा अजून खंदकाच्या मधोमध पडला आहे आणि त्याच्यावर पाचरी ठोकण्यासाठी पाडलेली भोके आहेत. पाचरी बसल्या नाहीत, धोंडा फुटला नाही, माणसे निघून गेली. अठराशे नव्वद-नऊशे वर्षे तो तसाच आहे.

सोडलेले काम आणखीही दिसते. सुरुवातीला भिंत दहा रोमन फूट रुंद करायची ठरली होती. पाया त्या मापाने घातला, बुरूजही त्या मापाने बांधले, बुरुजांच्या दोन्ही अंगांना रुंद भिंतीचे तुकडेही सोडून ठेवले. मग कुठून तरी नवा हुकूम आला आणि वरची भिंत आठ फूट, कुठे त्याहूनही कमी झाली. आज रुंद पाया आणि त्यावरची अरुंद भिंत, जुन्या मापाचा बुरूज आणि त्याला येऊन टेकणारी नव्या मापाची भिंत, अशी ही गाठ अनेक ठिकाणी हाताने चाचपता येते. काम अर्ध्यावर आलेले असताना मोठे किल्लेही थेट भिंतीवरच आणायचे ठरले. हाउसस्टेड्सच्या पोटात एक आधी बांधलेला बुरूज सापडतो, तो पाडून त्यावर किल्ला उभारला. चेस्टर्सच्या किल्ल्यासाठी खणून झालेला खंदकही पुन्हा बुजवला. असे सुमारे पंधरा किल्ले झाले, एकेकात पाचशे किंवा हजार सैनिक. किल्ल्यांनाही दरवाजे आलेच. घोडदळाच्या काही किल्ल्यांचे तर चारपैकी तीन मुख्य दरवाजे भिंतीच्या उत्तरेला उघडतात.

शत्रूला बाहेर ठेवायचे असते तर इतके दरवाजे कशाला ठेवायचे? ही भिंत तटबंदीपेक्षा नाक्यांची रांग म्हणून जास्त कळते. उत्तरेचे लोक गुरे घेऊन दक्षिणेला येत, दक्षिणेचे उत्तरेला जात, दोन्हीकडे नातीगोती आणि बाजार होते. त्या सगळ्यांना दरवाजातूनच जायला लावायचे, हत्यारे तपासायची, माणसे मोजायची, जकात घ्यायची. हाउसस्टेड्सच्या पायथ्याशी नॅग बर्न नावाच्या ओहोळाजवळ पुढे चौथ्या शतकात भिंतीत आणखी एक दरवाजा काढला गेला. त्याला आत एक आणि बाहेर एक अशी दोन दारे होती आणि दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या खोल्या. एक दार बंद केल्यावरच दुसरे उघडायचे. मधल्या जागेत गुरे, माणसे, गाठोडी अडवून ठेवता येत. रस्त्यावर आडवी काठी पडलेल्या जकात नाक्याची ज्यांना आठवण आहे, त्यांना ही रचना समजावून सांगावी लागणार नाही.

भिंतीच्या दक्षिणेलाही एक खंदक आहे. त्याला व्हॅलम म्हणतात. तळ सपाट, दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध. बांधापासून बांधापर्यंतची रुंदी सुमारे छत्तीस मीटर. हा आपल्याच बाजूला का खणला, यावर अभ्यासकांचे वाद अजून चालू आहेत. पण त्याने एक गोष्ट निश्चित झाली. दक्षिणेकडूनही कोणाला वाटेल तिथून भिंतीजवळ येता येईना. किल्ल्यांसमोर ठेवलेल्या ठरावीक जागांवरूनच तो ओलांडता येई. म्हणजे दोन्हीकडच्या माणसांना दरवाजाचाच रस्ता.

आता दरवाजातून आत जाऊ.

भिंतीच्या दक्षिणेला, भिंतीहून जुना, व्हिंडोलंडा नावाचा किल्ला आहे. १९७३ मध्ये रॉबिन बर्ली तिथे एक चर खणत होते. खालच्या ओल्या, हवा न पोचलेल्या थरातून त्यांना लाकडाच्या पातळ, पोस्टकार्डाएवढ्या फळ्या मिळाल्या. त्यांवर शाईने लिहिलेले होते. आजवर अशा दीड हजारांहून जास्त फळ्या मिळाल्या आहेत, बहुतेक इ.स. १०० च्या आसपासच्या, म्हणजे भिंतीच्याही आधीच्या पिढीतल्या. रोमन साम्राज्याच्या काठावरच्या साध्या माणसांचे इतके बोलणे दुसरीकडे क्वचितच ऐकू येते.

एका फळीवर तुंग्रियन पलटणीची हजेरी आहे. तारीख १८ मे. कागदोपत्री माणसे ७५२. त्यातली ४५६ बाहेरगावी, त्यांपैकी ३३७ शेजारच्या ठाण्यावर. हजर २९६. हजर असलेल्यांतले १५ आजारी, ६ जखमी, १० जणांचे डोळे आलेले. नीट चालते-फिरते उरले २६५. साम्राज्याच्या बळाची गोष्ट करताना ही हजेरी समोर ठेवावी. दुसऱ्या फळीवर एक नायक कळवतो की माणसांची बिअर संपली आहे, पाठवून द्या. तिसऱ्यावर कोणीतरी कोणाला तरी पायमोजे, दोन जोड चपला आणि दोन लंगोट पाठवल्याचे लिहिले आहे. एकात इथल्या लोकांबद्दल 'यःकश्चित ब्रिटन' अशा अर्थाचा हिणवणारा शब्द आहे. तेही खरेच आहे आणि तेही वाचायला हवे.

सगळ्यांत जवळचे वाटते ते क्लॉडिया सेव्हेराचे पत्र. ती शेजारच्या किल्ल्याच्या अधिकाऱ्याची बायको. ११ सप्टेंबरला तिचा वाढदिवस. व्हिंडोलंडाच्या अधिकाऱ्याच्या बायकोला, सल्पिसिया लेपिडिनाला, ती बोलावणे पाठवते. मजकूर कारकुनाच्या सुबक अक्षरात आहे. पण शेवटी दोन-तीन ओळी तिने स्वतः लिहिल्या आहेत, जरा कच्च्या हाताने. त्यांत ती लेपिडिनाला बहीण म्हणते, वाट पाहीन म्हणते. बाईच्या हातच्या लॅटिन लिखाणाचे इतके जुने नमुने फारच थोडे उरले आहेत. वाढदिवसाला कोण आले, काय खाल्ले, ते कळायला मार्ग नाही. मात्र त्या किल्ल्यात मिरी होती. एका हिशोबाच्या फळीवर टॅप्पोचा मुलगा गॅम्बॅक्स या सैनिकाच्या नावासमोर दोन दिनारांची मिरी मांडलेली आहे. मिरी भारताची, मलबारच्या किनाऱ्यावरून जहाजाने तांबड्या समुद्रात, उंटावरून नाईलपर्यंत, पुन्हा जहाजाने भूमध्य ओलांडून आलेली. त्याच वाऱ्यावर येणारी जहाजे कल्याणलाही लागत आणि त्याच व्यापारातून आलेली पॉसायडनची छोटी ब्राँझमूर्ती कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडली. ब्रिटनच्या थंडीत एका पलटणीतल्या शिपायाने जेवणावर घातलेली चिमूटभर पूड मोसमी वाऱ्याने आणली होती.

भिंत बांधली लीजनांनी, पण राखली साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आणलेल्या पलटणींनी. पंचवीस वर्षे नोकरी केली की नागरिकत्व, हा करार. चेस्टर्सला स्पेनच्या उत्तरेचे घोडेस्वार, बर्डोस्वाल्डला आजच्या रुमानियातले डेशियन, कारव्होरनला सीरियातले धनुर्धारी. पश्चिमेला बर्ग-बाय-सँड्स या गावी उत्तर आफ्रिकेतल्या मूर लोकांची तुकडी होती. साउथ शील्ड्सला टायग्रिस नदीवरचे नावाडी. किल्ल्यांबाहेर दुकाने, खानावळी, देवळे, घरे यांची वस्ती वाढली. शिपायाला कायद्याने लग्न करता येत नसे, तरी संसार होतेच. हाउसस्टेड्सच्या बाहेरच्या एका घरात जमिनीखाली दोन सांगाडे मिळाले. पुरुषाच्या बरगड्यांत सुरीचे टोक अडकलेले होते. दोन्ही प्रेते लपवून वरून स्वच्छ माती चोपली होती.

या सगळ्यांत एका थडग्यापुढे माणूस थबकतो. साउथ शील्ड्सच्या त्या दगडावर एक स्त्री वेताच्या खुर्चीत बसली आहे. मांडीवर सूतकताईचे साहित्य, बाजूला लोकरीच्या गुंड्यांची टोपली, दुसऱ्या हाताने दागिन्यांच्या पेटीचे झाकण उघडलेले. तिचे नाव रेगिना. ब्रिटनच्या दक्षिणेकडच्या कॅटुव्हेलॉनी जमातीची, आधी गुलाम, मग मुक्त केलेली आणि बायको झालेली, तिसाव्या वर्षी गेलेली. नवरा बराटेस, सीरियातल्या पाल्मायराचा. वरचा लेख लॅटिनमध्ये आहे, सरकारी भाषेत, थोडा चुकतमाकत. त्याखाली एक ओळ त्याच्या स्वतःच्या अरामी लिपीत, वळणदार आणि अचूक. त्या ओळीत तिचे नाव आहे, तिला मुक्त केल्याचे सांगितले आहे आणि हळहळ आहे. तिथे ती लिपी वाचू शकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. त्याने ती तरीही कोरून घेतली.

भिंतीचा इतिहास सरळ नाही. हेड्रियननंतरच्या अँटोनायनस पायसने इ.स. १४२ च्या सुमारास सीमा पुढे नेऊन स्कॉटलंडच्या कमरेवर दुसरी भिंत घातली, मातीची, सुमारे साठ किलोमीटरची. दोन दशकांत ती सोडून सैन्य परत हेड्रियनच्या भिंतीवर आले. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने इ.स. २०८ मध्ये स्वतः येऊन उत्तरेत मोहीम काढली आणि २११ मध्ये यॉर्कमध्ये त्याचा अंत झाला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमचा पगार येणे थांबले. पुस्तकांत इथे पडदा पडतो. बर्डोस्वाल्डच्या उत्खननाने मात्र दाखवले की तिथली माणसे कुठेही गेली नाहीत. धान्याच्या एका कोठाराच्या जागेवर त्यांनी मोठे लाकडी सभागृह बांधले. पलटणीचा नायक बहुधा गावचा मुखिया झाला असावा आणि दरवाजाची राखण चालू राहिली.

मग दगड चालू लागले. हेक्सहॅमच्या सातव्या शतकातल्या चर्चचे तळघर रोमन दगडांचे आहे, त्यांवर रोमन कोरीवकाम उलटेसुलटे बसलेले दिसते. भिंतीच्या पूर्व टोकाजवळ जॅरोच्या मठात राहणारा बीड हा साधू आठव्या शतकात लिहितो की भिंत आठ फूट रुंद आणि बारा फूट उंच आहे. म्हणजे तेव्हाही बरीच उभी होती. शेतकऱ्यांनी घरे, गोठे आणि कोकणात ज्याला गडगा म्हणतात तशा बिनचुन्याच्या कुंपणभिंती याच दगडांतून रचल्या. १७४५ मध्ये स्कॉटलंडमधून उठलेल्या बंडात न्यूकासलच्या सरकारी सैन्याला वाईट रस्त्यांमुळे तोफा पश्चिमेला नेता आल्या नाहीत. बंडानंतर पक्की लष्करी सडक झाली ती कित्येक मैल थेट भिंतीवरून, भिंत पाडून आणि तिचीच खडी पसरून. एकट्या या सडकेइतकी भिंत दुसऱ्या कशानेही गिळलेली नसेल.

१८०१ मध्ये विल्यम हटन नावाचा ७८ वर्षांचा गृहस्थ काळे कपडे घालून, छत्री आणि शाईची दौत घेऊन बर्मिंगहॅमहून पायी निघाला. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत असा तो चालला. घरी पोचेपर्यंत सहाशे मैलांच्या आसपास चालणे झाले. प्लेनट्रीज नावाच्या जागी एक शेतकरी घर बांधण्यासाठी भिंत उपसत होता. हटनने गयावया केली. आज तिथे तीस-पस्तीस मीटरचा तुकडा शिल्लक आहे आणि नेमका त्याच तुकड्यात रुंद पायावर अरुंद भिंत कशी चढली ते दिसते. हटन वेळेवर पोचला नसता तर भिंतीच्या बदललेल्या आराखड्याचा तो ढळढळीत पुरावा कोणाच्या तरी स्वयंपाकघरात असता.

पण खरी राखण केली जॉन क्लेटनने. तो न्यूकासलचा नगर-कारभारी, १७९२ चा जन्म, १८९० चा मृत्यू. चेस्टर्सचा किल्ला त्याच्या घराच्या बागेत होता आणि त्याच्या वडिलांनी नदीपर्यंत गुळगुळीत हिरवळ हवी म्हणून त्याचे अवशेष सपाट केले होते. मुलाने तीच हिरवळ खणली. १८३४ पासून तो भिंतीलगतची शेते एकामागून एक विकत घेत गेला. पाच किल्ले त्याच्या मालकीचे झाले. पडलेले दगड गडी लावून त्याने पुन्हा रचून घेतले. चित्रांत दिसणारी नीटस, गवताची टोपी घातलेली भिंत बरीचशी त्याच्या गड्यांच्या हातची आहे. त्याच्या लोकांनी १८७६ मध्ये कॉव्हेंटिना या जलदेवतेची विहीर उपसली, तेव्हा तेरा हजारांहून जास्त नाणी निघाली. दरवाजाबाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या कितीतरी जणांनी तिला काही ना काही वाहिले होते.

पुढे खाणींचे संकट वाढले. वॉलटाउनच्या खाणीने कडा आणि त्यावरची भिंत दोन्ही खाल्ले. ती १९७६ मध्ये बंद झाली. त्याआधी १९३० च्या सुमारास मधल्या सुंदर भागालाच खाणीचा धोका निर्माण झाला. त्या ओरडीतून १९३१ चा कायदा झाला आणि वास्तूच्या आसपासची जमीनही जपता येऊ लागली. १९८७ मध्ये युनेस्कोने भिंतीला जागतिक वारसा ठरवले. सप्टेंबर २०२३ च्या एका वादळी रात्री कड्यांच्या खोबणीत उभे असलेले, शंभराहून जास्त वर्षांचे सिकॅमोरचे झाड दोघांनी करवतीने पाडले. ते भिंतीवरच कोसळले. लोक रडले. दोघांना २०२५ मध्ये तुरुंगवास झाला. बुंध्याला त्याआधीच नवे कोंब फुटले होते.

बरेच लोक ही भिंत म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडची सीमा समजतात. तसे नाही. ती सगळी आजच्या इंग्लंडमध्ये आहे आणि पूर्वेला आजची सीमा तिच्यापासून कितीतरी दूर उत्तरेला जाते. २००३ पासून भिंतीलगत १३५ किलोमीटरची पायवाट खुली आहे. पूर्वेला वॉल्सएंडच्या जुन्या गोदी आणि कोळसाखाणींमधून ती सुरू होते, न्यूकासल शहरात भिंत रस्त्याखाली गडप असते, मग शेते, मग कडे, मग पुन्हा सपाट गवताळ पाणथळ. चालणाऱ्यांना एक छोटे पारपत्र मिळते. मे ते ऑक्टोबरात वाटेवरच्या नाक्यांवर त्यावर शिक्के मारून घ्यायचे. हिवाळ्यात ओल्या मातीत पाय रुतून जमिनीखालचे अवशेष झिजतात, म्हणून तेव्हा शिक्के बंद.

शेवटचा शिक्का बोनेस गावात. इथे भिंतीचा एकही दगड जमिनीवर दिसत नाही, गावातल्या घरांच्या भिंतींत मात्र ओळखीचे घडीव चौकोनी चिरे आहेत. समोर सॉलवेची खाडी आणि पलीकडे स्कॉटलंडचे डोंगर. ओहोटीला पाणी मैलभर मागे सरते, वाळू उघडी पडते आणि वाट माहीत असलेली माणसे पूर्वी इथून पायी पलीकडे जात. म्हणूनच भिंत इथवर आणावी लागली. पुढे किनाऱ्याने रोमनांनी भिंत बांधली नाही, पण दर मैलाला गढी आणि मध्ये दोन बुरूज हे माप त्यांनी सोडले नाही. त्या गढ्यांनाही दरवाजे होते.